घराण्याची पेटी : मये-डिचोली परिसरातील जुन्या पेट्या, करंडे व डबे

देवस्थानाचा इतिहास लिहू जाता शिलालेख, सनदा, जमाखर्चाच्या वह्या व महाजनांच्या नोंदी ही साधने हाताशी येतात. घराण्याचा इतिहास लिहू जाता मात्र असे एखादे साधन क्वचितच सापडते. आणि सापडलेच तर ते बहुधा माळ्यावरच्या किंवा देवघरालगतच्या एखाद्या पेटीत सापडते. पुष्कळदा तर पेटीतील ऐवज केव्हाच गेलेला असतो आणि केवळ पेटीच उरलेली असते. अशी रिकामी पेटी निरुपयोगी म्हणून अडगळीत टाकली जाते, अथवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास दिली जाते. वस्तुतः रिकामी पेटी ही देखील एक दस्तऐवजच होय. तिच्या लाकडावरून घराण्याचा संबंध कोणत्या मुलखाशी होता ते कळते, तिच्या खणांवरून त्या घरात कशास जपत असत ते कळते आणि तिच्या कुलपावरून कोणाचा कोणावर किती विश्वास होता तेही कळते. मये गाव आणि भोवतालचा डिचोली महाल यांच्या इतिहासात तीन बाजूंनी तीन प्रवाह येऊन मिळाले, आणि त्या तिन्ही प्रवाहांच्या खुणा येथील पेट्यांवर उमटल्या आहेत.

नावांचा इतिहास

पेट्यांची नावे पाहिली तरी हा इतिहास ध्यानात येतो. पेटी, पेटारा व करंडा हे शब्द संस्कृतातील पेटिका व करंडक या शब्दांशी नाते सांगतात. देवाचा शाळिग्राम ज्यात ठेवतात ते तांब्याचे संपुष्टही त्याच कुळातील. संदूक हा शब्द अरबी. तो मुसलमानी अमलात मराठीत रुळला. आणि ज्या चावीने आज घरोघरी पेटी उघडली जाते ती चावी पोर्तुगीज भाषेतून आलेली आहे. आलमारी हा शब्दही तिथलाच. एकाच खोलीत करंडा, संदूक व आलमारी शेजारी शेजारी नांदत आणि त्यांपैकी कोणता शब्द परका, याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे.

जुन्या घरातील पेट्यांचे कामही ठरलेले असे. विड्याच्या साहित्यासाठी पितळी पानाचा डबा; त्यात चुन्यासाठी चुनाळे, काताची डबी, सुपारी व अडकित्ता यांची निरनिराळी जागा. पाहुणा दारी आला की प्रथम पाणी व गूळ आणि मागाहून हा डबा पुढे सरकवला जाई. डब्याचे झाकण यजमानाने स्वतः उघडले की पाहुण्याचा मान झाला असे समजत. पोथ्यांसाठी लांबट पेटी, दौत व लेखण्यांसाठी कलमदान, धान्य व कपडे यांसाठी मोठा पेटारा, दागिन्यांसाठी खाली चोरकप्पा असलेली लहान पेटी आणि घरच्या सुवासिनीसाठी फणेरपेटी, असा हा संसार होता.

नदीपलीकडून आलेल्या पेट्या

मये गावाचे स्थान लक्षात घेतल्यावाचून या वस्तूंचा इतिहास उलगडत नाही. गावाच्या एका अंगास डिचोली व शिरगाव, दुसऱ्या अंगास नार्वे, आणि नार्व्याच्या तरीपलीकडे दिवाडी व जुने गोवे. सोळाव्या शतकात तिसवाडीतील देवालये पाडली जाऊ लागली तेव्हा देवमूर्ती याच वाटांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर नेण्यात आल्या. दिवाडीचा श्री सप्तकोटेश्वर नार्व्यास आला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. चोडण बेटावरील श्री देवकीकृष्ण हा प्रथम मये येथे आला आणि मागाहून माशेलास स्थिरावला. श्री महामाया, शिरगावची श्री लईराई व मुळगावची श्री केळबाय या बहिणींच्या या भूमीने दुसऱ्या देवांनाही आसरा दिला, ही गोष्ट मयेकरांस भूषणावह आहे.

देवामागून माणसे आली. घर, शेत व माड पाठीवर घेता येत नाहीत. जे होडीत मावते आणि ज्याला कुलूप लागते तेवढेच बरोबर येते. घरातील देव, सोने, कागद आणि बियाणे हे चार जिन्नस वाचविता आले तर घराणे पुन्हा उभे राहते. नदी ओलांडणाऱ्या समाजात पेटीला जे महत्त्व आले त्याचे मूळ येथे आहे. शोभेसाठी पेटी ही कल्पना मागाहूनची. प्रथम ती स्थलांतराची सोबतीण होती.

तथापि ज्या शहरातून ही माणसे निघाली त्याच शहरात पेटी बनविण्याच्या कलेस बहर आला, हा इतिहासातील चमत्कारिक योग होय. गोव्यातील सोनारांची कीर्ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर लवकरच लिस्बनपर्यंत पोहोचली. रावलू शेटी नावाचा गोव्याचा सोनार राजा मानुएल याच्या कारकिर्दीत लिस्बनला जाऊन आला. व्हाइसरॉय मातियश द आल्बुकेर्क (१५९१ ते १५९७) याच्या नावाने ओळखली जाणारी सोन्याच्या तारकामाची लहान पेटी आज लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. इतकी बारीक तार ओढून तिची वेलबुट्टी गुंफणारे हात गोमंतकातीलच होते. ख्रिस्ती उपासनेच्या वस्तू हिंदू कारागिरांनी घडवू नयेत असा ठराव १५६७ च्या गोव्यातील धर्मसभेने केला होता. पण कसब ज्याच्या हाती त्याच्याकडे गेल्यावाचून कोणाचेच चालले नाही.

या कसबाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जुन्या गोव्यातच आहे. बॉं जेझूस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या रुप्याच्या पेटीत ठेवले आहेत ती पेटी १६३६-३७ साली गोव्याच्या कारागिरांनी घडविली. मार्सेलो मास्त्रिल्ली या इटालियन पाद्रीच्या प्रेरणेने हे काम झाले. पेटीच्या चारी अंगांस त्या सत्पुरुषाच्या चरित्रातील ३२ प्रसंग रुप्याच्या पत्र्यावर उठविलेले आहेत. आराखड्यात इटलीची छाया दिसते, पण पत्रा ठोकून उठाव आणण्याची पद्धत आमच्या देवळांच्या पालखीवर व प्रभावळीवर दिसणारीच आहे.

लाकडी पेट्यांचीही एक स्वतंत्र परंपरा सतराव्या शतकात गोव्यात वाढली. सागवानावर शिसवी अथवा आबनूस लाकडाचे काप बसवून त्यांत एकमेकांना छेदणारी वर्तुळे आखावयाची, हस्तिदंताचे ठिपके मारावयाचे आणि कोपऱ्यांस सोन्याचे पाणी दिलेले तांब्याचे नक्षीदार पत्रे ठोकावयाचे, अशी तिची रीत होती. अनेक लहान खणांची कपाटे या पद्धतीने होत. त्यांचे पाय कधी कधी नागकन्येच्या आकाराचे असत. वर स्त्रीचे मुख आणि खाली नागाची शेपटी. पोर्तुगीज सरदाराच्या दिवाणखान्यात जाणाऱ्या वस्तूला येथील कारागिराने वारुळातल्या रक्षकदेवतेचा आधार द्यावा, हे बोलके आहे. गुजरातेत लाकडावर शिंपल्याचे तुकडे पितळी खिळ्यांनी बसवून केलेल्या पेट्याही गोव्याच्या बंदरातून युरोपास जात आणि तेथील चर्चमध्ये पवित्र अवशेष ठेवण्यासाठी वापरल्या जात.

पेटी हा राजकारणाचा विषय होऊ शकतो याचे उदाहरण याच काळातील आहे. श्रीलंकेतील कोट्टे राज्याच्या भुवनेकबाहू राजाने आपल्या नातवास वारस म्हणून मान्यता मिळावी यासाठी १५४० नंतर लिस्बनला वकील पाठविला. त्या प्रसंगाशी निगडित असलेली हस्तिदंती पेटी आज जर्मनीतील म्युनिकच्या राजवाड्याच्या खजिन्यात आहे. पोर्तुगालचा राजा त्या नातवाच्या प्रतिमेवर मुकुट ठेवीत आहे असे दृश्य तिच्यावर कोरलेले आहे. त्या राज्याचा मागमूस उरला नाही. पेटीवर कोरलेला करार मात्र तसाच वाचता येतो.

उत्तरेकडून आलेला रंग

मयेच्या घरांत अशा मौल्यवान वस्तू अपवादानेच आल्या असतील. येथील घरांत जी पेटी सर्रास दिसे ती उत्तरेकडची, म्हणजे सावंतवाडीच्या वळणाची. डिचोली महाल १७८१ साली पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि पेडणे १७८८ साली. तोपर्यंत हा मुलूख वाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. राज्य बदलले तरी सोयरिकी व बाजाराच्या वाटा बदलल्या नाहीत. लग्नातील पाट, चौरंग, पाळणा व रंगीत करंडे वाडीच्या चिताऱ्यांकडून येत राहिले. दक्षिणेस कुंकळ्ळी येथेही चिताऱ्यांची घराणी हेच काम करीत आली आहेत.

लाखकामाची रीत पाहण्यासारखी आहे. कातकामाच्या यंत्रावर लाकडाचा ठोकळा फिरत असतो. त्याला डबीचा आकार आला की रंगीत लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर पसरते. मागाहून केवड्याचे पान दाबून ती सारखी करतात व तिला चकाकी आणतात. ब्रश नाही, भट्टी नाही. लाकडाच्या फिरण्यातूनच रंग चढतो. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच प्रवाशाने आपल्या १५९६ च्या ग्रंथात याच पद्धतीचे वर्णन केलेले आहे. चारशे वर्षांहून अधिक काळ ही कृती फारशी बदललेली नाही, असे त्यावरून दिसते.

वाडीच्या चिताऱ्यांची आणखी एक पेटी विशेष उल्लेखनीय आहे. ती म्हणजे गंजिफांची. दशावतारी गंजिफांत प्रत्येक अवताराची १२ याप्रमाणे १२० गोल पाने असतात. ती ठेवण्यासाठी सरकत्या झाकणाची, चारी बाजूंस चित्रे रंगविलेली पेटी करीत. पाने झिजून फाटत, पण पेटी टिके. आणि मग तीत कुंकू, सुपारी, क्वचित कागद जाऊन बसत. ही कला लोपण्याच्या बेतात असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून तिला जीवदान दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

धातूच्या डब्यांसाठी मात्र मयेकरांस दूर जाण्याचे कारण नव्हते. डिचोली ही पितळेच्या व मातीच्या कामासाठी गोव्यात नावाजलेली. समया, घंगाळी व तांबे यांच्या जोडीने तेथील कारागीर डबेही घडवीत. पत्रा ठोकून आकार आणावा, सांधा डाक देऊन बुजवावा, बिजागरी व कडी-कोयंडा खिळवावा आणि आतून कल्हई करावी, एवढ्या कृतींतून पानाचा डबा तयार होई. चांगल्या डब्याची परीक्षा झाकणावर होत असे. झाकण लावताना आतील हवा हळूच बाहेर पडून ते अलगद बसले तर काम उत्तम. आपटून बसले तर सुमार.

समुद्रमार्गे व मुंबईमार्गे

तिसरा प्रवाह समुद्रावरून आला. चीनमधील मकाव हे पोर्तुगीज ठाणे १८४४ पर्यंत गोव्याच्या सरकारच्या अधीन होते. त्या दळणवळणातून चिनी मातीची भांडी आली, तशाच कापराच्या लाकडाच्या मोठ्या पेट्याही आल्या. या लाकडाचा वास कसरीस सोसत नाही. म्हणून शालू, पैठण्या व पूजेची सोवळी तीत ठेवीत. गोव्यासारख्या चार महिने पाऊस कोसळणाऱ्या प्रदेशात ही पेटी म्हणजे वरदानच होते.

एकोणिसाव्या शतकात गोमंतकीय हिंदू तरुण पोटापाण्यासाठी मुंबईस जाऊ लागले. तेथून परतताना त्यांनी जी वस्तू आणली ती युरोपात 'मुंबई पेटी' म्हणून ओळखली जाई. या कामास सादेली म्हणतात. इराणमधून सुरतेस व सुरतेहून मुंबईस आलेल्या या कलेत पारशी कारागीर निष्णात होते. चंदन, आबनूस, हस्तिदंत, हिरवे रंगविलेले शिंग व कथील यांच्या बारीक त्रिकोणी काड्या एकत्र बांधून सरसाने चिकटवितात. मग त्या जुडीच्या पातळ चकत्या कापतात. प्रत्येक चकतीवर तेच ते ताऱ्यासारखे नक्षीकाम येते आणि त्या चकत्या चंदनी पेटीवर जडवितात. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या पेट्यांची वाहवा झाली होती.

त्याहूनही साधी पण अधिक लाडकी पेटी म्हणजे बिस्किटांचा टिनचा डबा. इंग्लंडमधील रेडिंग गावच्या हंटले अँड पामर्स कंपनीने १८६८ साली सजविलेले डबे काढण्यास प्रारंभ केला. पत्र्यावर रंगीत छपाईची कला पुढे इतकी सुधारली की बिस्किटे संपल्यावरही डबा टाकवत नसे. मुंबईहून आलेल्या या डब्यांवर बर्फातील घोडागाडी किंवा विलायती बाग असे आणि आत सुई-दोरा, बटणे व मुलांच्या जन्मवेळांच्या चिठ्ठ्या असत. शोभेच्या वस्तूचे मोल केवळ हस्तिदंताने ठरत नाही. एखाद्या घरात त्या टिनच्या डब्यास जो जिव्हाळा लाभला तो रुप्याच्या करंड्यासही लाभला नसेल.

स्त्रीची पेटी

एवढ्या साऱ्या पेट्यांत घरातील स्त्रीची म्हणता येईल अशी बहुधा एकच, ती म्हणजे फणेरपेटी. झाकणाच्या आतील बाजूस आरसा, तो तिरपा उभा राहावा म्हणून मागे टेकण, खाली फणीसाठी लांबट खण, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी आणि तळाशी एक उथळ कप्पा. आधी कपाळावर मेणाचे बोट लावावयाचे आणि त्यावर कुंकू. म्हणजे दिवसभराच्या घामाने ते ओघळत नसे. लग्नात माहेरून येणारी ही पेटी सासरच्या घरात तिची स्वतःची जागा असे. घराच्या किल्ल्या सासूच्या कमरेला असत, पण फणेरपेटीस कोणी हात लावीत नसे. तळच्या कप्प्यात चार आणे, माहेरचे पत्र, मुलाचे पहिले जावळ असे काहीबाही सापडते ते त्यामुळेच.

या पेटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पती निवर्तला की त्याच दिवशी करंडा मिटत असे. ज्या स्त्रीने ती पेटी तेराव्या-चौदाव्या वर्षी उघडली तिला ती विसाव्या वर्षी मिटावी लागल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या घराण्यात काढता येतील. पेटी मग माळ्यावर जाई. आरसा आतल्या आत काळवंडे. आज ज्या फणेरपेट्या जणू न वापरलेल्या, नव्यासारख्या अवस्थेत सापडतात त्यांचे विकत घेणाऱ्यास कौतुक वाटते. त्या तशा का राहिल्या, हे मात्र कोणी विचारीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मिटलेल्या करंड्यांचे ते उशिराने का होईना केलेले प्रायश्चित्त होय, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

कागदांची पेटी आणि तीन कुलपे

पुरुषांच्या ताब्यातील पेटी कागदांची. तीत मोडी लिपीतील पत्रे, सोयरिकीच्या याद्या, पोर्तुगीज भाषेतील दस्त आणि कुळागराच्या हद्दींचे टिपण एकत्र बांधलेले असे. मये गावात या पेटीला एक वेगळेच महत्त्व आले. पोर्तुगीज अमदानीत येथील जमीन मयेचा कौंट हा किताब असलेल्या घराण्याची समजली जाई. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. पिढ्यान्पिढ्या घरे बांधून राहिलेल्या, माड-पोफळी लावलेल्या कुटुंबांच्या पेटीत मालकीचा कागद तेवढा नव्हता. २०१४ साली गोवा विधानसभेने अशा जुन्या स्वामित्वाचे व किताबी देणग्यांचे उच्चाटन करणारा कायदा केला, आणि त्यायोगे रहिवाशांना सनदा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. वहिवाट सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा जीर्ण झालेली एखादी पावती सोन्याहून मोलाची ठरते, हे मयेकरांइतके कोणास ठाऊक असणार?

देवस्थानाच्या पेटीची रीत मात्र घरच्या पेटीहून निराळी. सार्वजनिक पैसा व दस्तऐवज तीन कुलपांच्या पेटीत ठेवण्याची पोर्तुगीज कारभारात जुनी पद्धत होती. तीन किल्ल्या तीन माणसांकडे. तिघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडावयाची नाही. १८८६ च्या व पुढे १९३३ च्या नियमावलींनी देवस्थानांचा कारभार अध्यक्ष, मुखत्यार व खजिनदार यांच्या हाती सोपविला, तेव्हा जबाबदारी एकट्याची नसावी हेच तत्त्व त्यामागे होते. या पद्धतीत कोणावर अविश्वास दाखविलेला नाही. विश्वास एकाच्या खांद्यावर टाकला तर तो माणूस वाकतो. तिघांत वाटला तर देवाचे द्रव्यही सुरक्षित राहते आणि माणसांची अब्रूही.

कागदांच्या पेटीतून काय निघू शकते याचे उदाहरण मयेच्या शेजारीच आहे. पिळगावचे सुपुत्र डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख म्हणून अनेक वर्षे जुने दप्तर चाळले. त्यांच्या १९५२ च्या ग्रंथातून पोर्तुगीजांचे वकील म्हणून वावरलेल्या हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी मंडळींची कामगिरी जगापुढे आली. ज्यांची नावे घराण्यातही विसरली गेली होती ती कागदांनी परत आणली. सरकारी दप्तर जतन झाले म्हणून हे घडले. घरोघरच्या पेट्यांतील दप्तराचे तसे भाग्य नाही.

आज काय करावे

गोव्यात वारसाहक्काची वाटणी होते तेव्हा इन्व्हेंतार करण्याची प्रथा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या या पद्धतीत मुलगा व मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो, हे तिचे मोठेपण होय. त्या यादीत 'एक जुनी लाकडी पेटी, मोडकी' अशी नोंद होते, पुढे किंमत मांडली जाते आणि वाटणीच्या सोयीसाठी पेटी विकली जाते. पेटी कोणाच्या लग्नात आली, तीत काय होते, तिचा कोपरा कोणत्या पुरात कुजला, हे त्या यादीत येत नाही. आणि ते सांगणारे वृद्ध माणूस गेले की ते कोठेच राहत नाही. मग तीच पेटी एखाद्या हॉटेलच्या दिवाणखान्यात 'गोव्याची जुनी पेटी' म्हणून उभी राहते. तिला गाव उरत नाही आणि घराणेही उरत नाही.

विकणाऱ्याची अडचण खरी असते; त्यास दोष देऊन उपयोग नाही. परंतु काही गोष्टी ध्यानी ठेवण्यासारख्या आहेत. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. हस्तिदंत अथवा कासवाची पाठ जडविलेल्या पेटीस वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो. हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. वडिलोपार्जित पेटीवर असे काम असल्यास वन खात्याकडे चौकशी करणे हाच शहाणपणा.

जतनाचे उपाय सोपे आहेत. पेटी भुईवर न ठेवता फळीवर ठेवावी, म्हणजे ओल व वाळवी लागत नाही. प्लास्टिकमध्ये न गुंडाळता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी. लाखकामास ऊन व स्पिरिट या दोहोंपासून जपावे, कारण लाख उष्णतेने मऊ होते व स्पिरिटात विरघळते. कापराच्या पेटीस आतून वॉर्निश देऊ नये. दिल्यास तिचा वासच कोंडला जातो. पितळी डबा वरचेवर चिंचेने घासल्यास त्याची नक्षी झिजते. मऊ कापडाने पुसणे बरे. जुने कुलूप बिघडले तरी काढून टाकू नये. चावी हरवली असल्यास तेवढी नवी करून घ्यावी.

सर्वांत मोठा उपाय मात्र लेखणीचा आहे. प्रत्येक महाजन कुटुंबाने आपल्या घरातील जुन्या पेट्यांची एक वही करावी. लांबी-रुंदी, लाकूड वा धातू, कोणाच्या लग्नात व कोणत्या गावाहून आली, तीत काय ठेवीत, दुरुस्ती केव्हा झाली, एवढे लिहून शेजारी छायाचित्र लावावे. आजीचे व आत्याचे नाव त्या वहीत अवश्य यावे. वंशावळीत ते बहुधा येत नाही. मोडी कागद असल्यास जाणकारास दाखविल्यावाचून फेकू नयेत. वहीची एक प्रत देवस्थानाच्या कचेरीत ठेवल्यास घर वाटले गेले, पेटी विकली गेली, तरी तिची ओळख गावात राहील.

सोळाव्या शतकात ज्यांनी नदी ओलांडली त्यांनी पेटीत देव, सोने, कागद व बियाणे आणले. त्यांच्या वंशजांपुढे आज नदी ओलांडण्याचा प्रसंग नाही. पूर्वजांनी जिवापाड जपून आणलेल्या वस्तू माळ्यावरून खाली उतरवून त्यांची नीट नोंद करावी, एवढेच काम त्यांच्याकडे आले आहे. पुढील उत्सवास घरी येणाऱ्या नातवंडांसमोर ती पेटी एकदा उघडावी आणि ती कोणाची हे त्यांना सांगावे. श्री महामायेच्या कृपेने या कामास घरोघरी प्रारंभ होवो.